नेहमीचे तास, या हप्त्याचे तास

सरकारी पाहणीचा माणूस वस्तीत येतो. पूर्वी त्याच्या हातात कागद असायचा, आता टॅब असतो. तो विचारतो, मागच्या सात दिवसांत कोणत्या दिवशी किती तास काम केलं? २०१७ पासून देशात नियतकालिक श्रमबल पाहणी चालू आहे. तिच्यात सातही दिवसांचे तास वेगवेगळे लिहून घेतात. वर्षभराचा प्रश्न आणखी वेगळा असतो, की एरवी काय काम करता? म्हणजे एक असतं नेहमीचं आणि एक असतं या हप्त्याचं. हे दोन जुळत नाहीत हे जगभरच्या आकडेवाल्यांना ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत २००८ साली तसा ठरावच झाला. नेहमीचे तास वेगळे मोजा, प्रत्यक्ष केलेले तास वेगळे मोजा, पगार ज्यांचा मिळतो ते तास आणखी वेगळे मोजा. काही देशांत तर पुढचा प्रश्नही विचारतात, की फरक का पडला? उत्तरं छापून तयार असतात. रजा. सण. आजारपण. खराब हवामान. काम नव्हतं. जादा काम होतं. संप होता. यातल्या एकावर खूण करायची.

यादी सरळ दिसते. आपल्या कार्यकर्त्यांनी ती एकदा नीट वाचावी असं मला वाटतं. तिच्यात कारण आहे, कर्ता नाही. फरक 'पडतो'. पाऊस पडावा तसा. तो कुणी पाडला, ही चौकट यादीत नाही. आणि माणसाच्या आयुष्यातले तास कोण वाढवतो, कोण कापतो, हा प्रश्न आकडेवाल्यांचा असण्याआधी नीतीचा आहे. तो आपला तर फारच जुना प्रश्न आहे.

१

आधी 'नेहमीचं' म्हणजे काय ते पाहू.

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात कायम असलेल्या माणसाला विचारा, नेहमी किती तास? तो लगेच आकडा सांगेल. पाळी ठरलेली, सुट्टी ठरलेली, जादा थांबला तर त्याचा हिशेब ठरलेला. आता सकाळी सातला मजूर नाक्यावर जा. डबा घेऊन, थापी-घमेलं घेऊन माणसं उभी असतात. त्यांतल्या एखाद्याला विचारा, दादा, नेहमी किती तास? तो तुमच्या तोंडाकडे पाहील. काम लागलं तर दहा-बारा, नाही लागलं तर घरी. आकडेवाला म्हणतो, चालेल, सरासरी काढू. समजा तीन दिवस बारा तास आणि चार दिवस शून्य. छत्तीस भागिले सात, दिवसाला पाच तास आणि वर काही मिनिटं. पण पाच तासांचा दिवस तर तो एकही जगलेला नाही! तीन दिवस त्याची कंबर मोडली आणि चार दिवस चूल अडली. सरासरीत दोन्ही गायब झालं. उलट सरासरी पाहून एखादा शहाणा म्हणायचा, बरं आहे की यांचं, पाच तासच काम!

आणि नाक्यावर उभं राहण्याचे तास? सात ते दहा तो माणूस उभा असतो. मुकादम येतो, दंड बघतो, वय बघतो, भाव पाडतो. हे तीन तास कामात धरत नाहीत. मोकळा वेळ म्हणूनही ते त्याच्या उपयोगाचे नाहीत. शिवाय सरकारी व्याख्या अशी की सात दिवसांत एका दिवशी एक तास जरी काम मिळालं, तरी त्या हप्त्यापुरता तो रोजगारात मोजला जातो.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. 'नेहमी' हा शब्द सगळ्यांना मिळालेला नाही. ज्याला 'नेहमी' आहे त्याचाच फरक मोजता येतो. ज्याचं सगळं आयुष्यच फरक आहे त्याचं काय मोजणार?

२

हे आजचं नाही. गावगाड्यात महाराच्या वाट्याला जे वतन होतं, त्याच्याकडे या डोळ्यांनी पाहा. १८७४ च्या वतन कायद्यानं त्याला पक्कं केलं होतं. काम काय, तर गाव सांगेल ते आणि सरकार सांगेल ते. टपाल पोचवा, सारा वसुलीला माणसं बोलावून आणा, साहेबाच्या घोड्यापुढं पळा, मेलेलं ढोर ओढा, मयताचा सांगावा परगावी न्या. तास किती? तास नव्हतेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, तेव्हा याच गोष्टीवर बोट ठेवलं. वतनदार महार दिवसरात्र चोवीस तास सरकारचा बांधील, आणि तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसानं हजर व्हायचं. मोबदल्यात तुकडे तुकडे झालेली इनाम जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. हे वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आता नीट बघा. जातीनं काय ठरवलं होतं? काम ठरवलं होतं. बाप जे करील ते पोरानं करायचं, यात सवलत नाही. तास मात्र ठरवले नव्हते. ते मोकळे होते, म्हणजे ज्याचा हुकूम चालतो त्याच्यासाठी मोकळे होते. जातीची ही मूळ रचना आहे: काम बांधलेलं, वेळ बेवारस.

कायद्यानं नेमकं उलटं करायचा प्रयत्न केला. तास बांधायचे आणि काम मोकळं सोडायचं. हा प्रवास सोपा झाला नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात कमी. सूर्यच मुकादम. नारायण मेघाजी लोखंडे या जोतिरावांच्या सहकाऱ्यानं १८८४ साली गिरणी कामगार गोळा केले आणि हप्त्याला एक सुट्टी मागितली. ती १८९० च्या जूनमध्ये मिळाली. आज रविवारी आपण सभा घेतो, पोरांचे वर्ग घेतो, ती जागा लोखंड्यांनी मोकळी करून दिली आहे. पुढं १९१९ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जगासाठी हप्त्याचे ४८ तास ठरले. हिंदुस्थानच्या मजुरासाठी मात्र वेगळी ओळ लिहिली गेली: ६० तास. १९२२ साली तोच आकडा कायद्यात आला. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी ५४ झाले. आणि ५४ चे ४८ झाले १९४६ साली, बाबासाहेबांकडे मजूर खातं होतं तेव्हा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनं ४८ च कायम ठेवले, आणि जादा तासाला दुप्पट दर बांधून दिला.

लोक म्हणतात, बाबासाहेबांनी मजुराला सवलत दिली. सवलत हा शब्द मला बरोबर वाटत नाही. चोवीस तासांच्या वतनाविरुद्ध बिल आणणारा माणूसच अठरा वर्षांनी ४८ तासांचा कायदा आणतो, हा योगायोग कसा म्हणायचा? एकच लढाई आहे ती. माणसाच्या वेळेला कुंपण घालायचं, म्हणजे कुंपणाच्या आतला वेळ मालकाचा आणि बाहेरचा माणसाचा. 'नेहमीचे तास' म्हणजे हे कुंपण. महाराच्या वेळेला इतिहासात पहिल्यांदा कुंपण पडलं ते असं.

३

मग या हप्त्याचे तास नेहमीच्या तासांहून वेगळे पडले तर वाईटच का? नाही. इथं नीट विचार केला पाहिजे. घोषणेनं भागायचं नाही.

बहिणीच्या लग्नाला चार दिवस रजा टाकली, त्या हप्त्याचे तास कमी झाले. १४ एप्रिलला सुट्टी घेतली, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो, तास कमी झाले. हा फरक आपण पाडलेला आहे. तसंच संपाचं. संपाच्या हप्त्यात तास शून्य होतात आणि पगारही कापला जातो. तरीही तो फरक आपला आहे, कारण तो आपण ठरवला. १९३८ साली मुंबई सरकारनं संपावर बंधन घालणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. बाबासाहेब कायदे मंडळात उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा होता की संप म्हणजे आपली सेवा कोणत्या अटीवर द्यायची ते ठरवण्याचं स्वातंत्र्य, आणि त्याला शिक्षा करणं म्हणजे माणसाला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला.

आपल्या नाशिकचंच पाहा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढं काही वर्षं चालला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं दाराशी बसली. हातावर पोट असलेली माणसं होती ती. त्या काळी कुणी पाहणी केली असती आणि विचारलं असतं की या हप्त्यात तुझे तास का कमी, तर कोणत्या रकान्यात खूण केली असती? रजा नव्हती, आजारपण नव्हतं, मालकानं बंद ठेवलं नव्हतं. 'माझा वेळ माझा आहे म्हणून', असा रकाना कुठं असतो? माझ्या मते हजारो वर्षांत या माणसांनी स्वतःच्या हातानं पाडलेला हा पहिला मोठा फरक. सत्याग्रहाचं दार उघडलं की नाही हे आपण नेहमी बोलतो. वेळेचं दार उघडलं, हे बोलत नाही.

तेव्हा फरकाची पहिली परीक्षा ही: फरक कुणी ठरवला? मी ठरवला असेल तर तास कमी होवोत नाहीतर जास्त, मी मोकळा आहे. दुसऱ्यानं ठरवला असेल तर पगार वाढला तरी मी बांधलेला आहे. याला स्वातंत्र्याची परीक्षा म्हणू.

कुणी म्हणेल, अहो, पण ओटी तर पोरं स्वतः मागून घेतात. सातपूर-अंबडच्या कंत्राटी पोराला विचारा, तो म्हणतो, साहेब, ओटी बंद करू नका, मेलो आम्ही. खरं आहे. पण तो का मागतो? नेहमीच्या आठ तासांत घरभाडं निघत नाही, पोराची फी निघत नाही, म्हणून. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला आणि तिमाहीतली ओटी ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. वर सांगितलं गेलं की कामगाराची संमती लागेल. संमती! पोटानं दिलेली संमती ही कुणाची संमती? १९८२ साली एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं साफ सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात माणूस राबतो तेव्हा ती घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठच होय. पाठीवर चाबूक असला पाहिजे असं नाही, भूकही सक्तीच आहे. याच न्यायानं ओटीकडे पाहा. नेहमीच्या तासांत पोट भरत असेल आणि वर माणूस ओटी मागत असेल, तर ती त्याची मर्जी. नेहमीच्या तासांत पोटच भरत नसेल, तर त्याच्या सहीला मर्जी म्हणू नये.

हेच ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचं. त्यांना सांगतात, तुम्हीच तुमचे मालक, वाटेल तेव्हा या, वाटेल तेव्हा जा. हे ऐकलं की मला सिन्नरच्या विडीवाल्या बाया आठवतात. त्यांनाही कुणी वेळ सांगत नाही. घरीच बसून विड्या वळतात. पण मजुरी हजारावर मिळते, आणि वर छाट काढतात ती वेगळी. हजार भरेपर्यंत सूप मांडीवरून उतरत नाही. घड्याळ भिंतीवरून काढलं आणि आकड्यात बसवलं, एवढाच काय तो बदल. तासाला कुंपण नाही आणि मोजणीला सुटका नाही. गावगाड्याची चाल याहून वेगळी कुठं होती?

४

दुसरी परीक्षा: फरकाचा भार कुणावर पडला?

काही फरक कुणीच ठरवत नाही. ताप येतो. गारपीट होते. तिथं 'कुणी केलं' हे विचारून उपयोग नाही. तिथं विचारायचं, खिसा कुणाचा फाटला?

कायम कामगाराला ताप आला तर त्याचे तास शून्य आणि पगार चालू. रोजंदारीवाल्याला तोच ताप आला तर खाडा. ताप सारखा, जंतू सारखे. फरकाचं कारण दोघांच्या फॉर्मवर एकच लिहिलं जाईल: आजारपण. पण एकाच्या घरी पेज शिजते आणि दुसऱ्याच्या घरी उसनवारी सुरू होते. एकाच शब्दाखाली दोन वेगळी आयुष्यं झाकली गेली.

आपल्या जिल्ह्यात हे जागोजाग दिसतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी टोळ्या एकरी उक्त्यानं काम घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग डिपिंग, मग तोडणी. हंगामात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, मधल्या महिन्यांत काहीच नाही. अवकाळी पाऊस झाला की बागायतदार रडतो, ते खरंच आहे, त्याचंही कर्ज असतं. पण त्याच्या नुकसानीचा पंचनामा तरी होतो. टोळीच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कधी कुणी पाहिला आहे? मालेगावात यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मजुरी कापडाच्या मापावर. वीज गेली की माग थांबतो, माणूस मागाशेजारीच बसून राहतो, आणि ते बसणं फुकट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क ठरलं आणि इकडं लासलगावसह बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. शेतकऱ्याचा प्रश्न पेपरात आला, व्यापाऱ्याचा आला. हमालाच्या आणि कांदा निवडणाऱ्या बायांच्या त्या हप्त्याचे तास कुणी कापले? तुमच्या यादीत लिहिणार, 'काम नव्हतं'. काम होतं, कांदा पडून होता. ते बंद ठेवलं होतं.

आणि २०२० चा मार्च-एप्रिल विसरून चालेल का? साऱ्या देशाचे तास एका रात्रीत शून्य झाले. ज्यांचं 'नेहमीचं' कागदावर होतं त्यांना घरबसल्या पगार मिळाला, निदान काही तरी मिळालं. ज्यांचं नव्हतं ते मुंबई-आग्रा रस्त्यानं आपल्या नाशिकवरून चालत गेले. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. किती तास चालले? ते कोणत्याच रकान्यात नाही, कारण चालणं काम नव्हे.

उलट्या बाजूचा फरकही बघा. २०१५ चा सिंहस्थ. साधूंची शाही स्नानं, लाखो माणसं, आणि त्यांच्या मागं राहिलेली घाण. नेहमीच्या तासांहून कितीतरी जास्त तास त्या दोन महिन्यांत झाडू चालला. झाडू कुणाच्या हातात होता हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. तात्पुरते म्हणून घेतलेले सफाई कामगार पर्वणी संपल्यावर पुन्हा तात्पुरतेच घरी गेले. इथं जातीची जुनी चाल आणि कंत्राटाची नवी चाल एका जागी भेटतात: काम जातीनं ठरवलेलं, तास ठेकेदारानं. १९४६ च्या कायद्यानं जे उलटं करायला घेतलं होतं ते इथं पुन्हा सुलटं झालं. कायद्याची लढाई अर्धी का राहिली, याचं उत्तर मनमाडला दिलेलं आहे. १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे मजुराचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथंच सांगितलं. पोर्टरची जागा अस्पृश्याला का मिळत नाही याचं कारणही त्यांनी सांगितलं. पोर्टरनं स्टेशनमास्तरच्या घरचं कामही करायचं असतं, आणि अस्पृश्य घरात चालत नाही. म्हणजे एका शत्रूनं ड्यूटीच्या तासांत घरगड्याचे तास मिसळले, आणि दुसऱ्यानं त्या तासांनासुद्धा विटाळ लावला. फक्त तासांसाठी भांडणारी युनियन पहिल्याशी लढते. फक्त जातीसाठी भांडणारी संघटना दुसऱ्याशी. मजूर दोघांच्या मधे उभा आहे.

ही झाली समतेची परीक्षा.

५

तिसरी परीक्षा अवघड आहे, कारण ती आपल्यावर उलटते. माझा मोकळा वेळ कुणाच्या तासांवर उभा आहे?

आपण रविवारी त्रिरश्मी लेण्यांवर जातो. दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात हिशेब कोरलेला आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजानं. त्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी बारा-बारा कार्षापण द्यायचे. गणित करून पाहा. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. वर्षावास म्हणजे काय? पावसाचे महिने फिरणं थांबवून एका जागी राहायचं, ध्यान करायचं, शिकायचं. तो मोकळा वेळ जगाला धम्म देऊन गेला, हे खरंच आहे. पण व्याज कुठून आलं? गोवर्धनच्या मागावरून. भिक्खूंचे तास थांबत होते तेव्हा विणकरांचे तास चालत होते. मी यात दोष काढत नाही. मी म्हणतो, ज्यांनी शिलालेख कोरला त्यांनी निदान विणकरांचं नाव दगडावर घातलं. आपण घालतो का?

आपल्या घरात बघा. देशात वेळेच्या वापराची पाहणी २०१९ साली झाली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९, पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ कमी झाली! या मिनिटांना पगार नाही, सुट्टी नाही, ४८ तासांचं कुंपण नाही. हप्त्याचे आणि नेहमीचे तास तिथं बहुधा सारखेच निघतील. लोखंड्यांचा रविवार स्वैपाकघरात अजून पोचायचा आहे. उलट रविवारी पाहुणे येतात, कार्यकर्ते येतात, चहाचं आधण चारदा चढतं.

आपल्या चळवळीला वेळ लागतो. तो वेळ आठ तासांच्या कायद्यानं दिला म्हणतो आपण. त्यातला अर्धा घरातल्या बाईनं दिला. नवरा बैठकीला जातो तेव्हा पोराचं आजारपण, पाण्याचा नंबर, रेशनची रांग तिच्याकडे. तिला फरक का पडला हे विचारायला कुणी येत नाही. आणि ती स्वतः बैठकीला का येत नाही, असं आपणच वर विचारतो!

बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात गांधीवादावर लिहिताना एक गोष्ट ठासून सांगितली. माणूस आणि जनावर यांच्यात फरक पडतो तो संस्कृतीमुळं, आणि संस्कृतीला फुरसत लागते. म्हणून यंत्र पाहिजे, म्हणून कष्ट कमी झाले पाहिजेत. घटनेच्या ४३ व्या कलमातही मजुराच्या फुरसतीचा शब्द आहे. मग ती फुरसत माझ्याच घरात एकानं खायची आणि दुसरीनं रांधायची, तर त्यात बंधुता कुठं राहिली? स्वातंत्र्य आणि समता ही दोन तत्त्वं आपण मालकाविरुद्ध वापरतो. बंधुता घरापासून सुरू करावी लागते, म्हणून ती मागं पडते.

६

तर मग करायचं काय?

तत्त्व कळलं म्हणून थांबणारी ही पानं नव्हेत. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. सरकारी पाहणीत जे रकाने नाहीत ते आपल्या वहीत घाला. नेहमीचे तास किती. या हप्त्याचे किती. फरक किती. कारण काय. आणि मग आपले तीन: फरक कुणी ठरवला, पैसा कुणाचा बुडाला, आणि त्या वेळात घरचं कुणी सांभाळलं. नाक्यावरचं उभं राहणं लिहा. मागाशेजारचं बसणं लिहा. 'काम नव्हतं' असं कुणी सांगितलं तर तिथं थांबू नका, कोणी बंद ठेवलं ते विचारा. सहा महिन्यांच्या नोंदी असल्या तर लेबर ऑफिसात बोलायला तोंड राहील. दुप्पट दराची ओटी सिंगल दरानं दिली, हे वही सांगेल. आपल्या माणसांना हिशेब नव्हता तोवर गाव म्हणेल तो हिशेब होता.

युनियनमध्ये काम करणाऱ्यांनी एक मागणी पुढं रेटावी. तास कमीजास्त करायचे असतील तर आधी नेहमीच्या तासांत जगण्यापुरतं वेतन द्या. त्यानंतर संमती मागायला या. त्याआधी मागितलेली संमती आम्ही संमती मानत नाही.

आणि वहीतलं पहिलं पान आपलं स्वतःचं असू द्या. कार्यकर्त्यांनी आधी आपल्या घरचे रकाने भरावेत. बायकोला, आईला, बहिणीला विचारून भरावेत, मनानं नव्हे. मंडळाची बैठक रात्री साडेनऊला असते, ती बायांना जमते का हे त्यांना विचारा. जमत नसेल तर वेळ बदला. बैठकीनंतरचे चहाचे कप ज्यांनी प्यायले त्यांनी विसळावेत, आणि तेही वहीत लिहावं.

जय भीम.